ब्रॉयलरच्या कमी प्रोटीनच्या खाद्यात एन्झाइम : पेंड कमी करण्याआधी आणि केल्यावर काय करायचं

सोया पेंडीचे भाव चढले की एक चूक हमखास होते. दुकानातून प्रोटिएझचं, म्हणजे प्रोटीन पचवायला मदत करणाऱ्या एन्झाइमचं, पाकीट येतं, विक्रेता सांगतो ‘टनाला चाळीस-पन्नास किलो पेंड कमी करा’, आणि त्याच दिवशी फॉर्म्युल्यातली पेंड कमी होते. बाकी सगळं जसंच्या तसं. पस्तिसाव्या दिवशी पक्ष्याचं वजन दीडशे-दोनशे ग्रॅम मागे, पंख विरळ, एफसीआर (किलोभर वजनवाढीला लागलेलं खाद्य) बिघडलेला. मग खापर एन्झाइमवर फुटतं किंवा पिल्लांवर.

एन्झाइम प्रोटीन तयार करत नाही. खाद्यात जे आहे, पण पक्ष्याला पचवता येत नाही, त्यातला थोडा भाग ते मोकळा करतं. पेंड कमी केल्यावर जी अमिनो आम्लं कमी होतात, त्यांची मुख्य भरपाई विकत मिळणाऱ्या लायसिन, मिथिओनिन, थ्रिओनिन या अमिनो आम्लांनीच करावी लागते. एन्झाइम उरलेली फट भरतं. हा क्रम उलटा झाला की नुकसान ठरलेलं.

हा लेख स्वतःचं खाद्य स्वतः बनवणाऱ्यांसाठी आहे. करार पद्धतीनं पक्षी वाढवत असाल तर कंपनीकडून आलेल्या खाद्यात काहीही मिसळू नका. त्यात एन्झाइम बहुधा आधीच असतं आणि फॉर्म्युला त्याचा हिशेब धरूनच बांधलेला असतो.

टप्पा १ : आजचा फॉर्म्युला कागदावर मांडा

बऱ्याच जणांना किलो तोंडपाठ असतात : मका इतका, पेंड इतकी, तेल इतकं. पण त्यातून प्रोटीन, ऊर्जा, पचणारं लायसिन, कॅल्शियम आणि उपलब्ध फॉस्फरस किती मिळतो, हे कोणी मांडलेलं नसतं. ते मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक्सेलच्या साध्या पत्रकात तासाभराचं काम आहे.

ढोबळ आकडे असे धरा. मक्यात प्रोटीन ८.५ टक्के, ऊर्जा किलोला सुमारे ३,३३० किलोकॅलरी, पचणारं लायसिन ०.२१ टक्के. सोया पेंडीत, म्हणजे बाजारात जिला डीओसी म्हणतात तिच्यात, प्रोटीन ४६ टक्के, ऊर्जा सुमारे २,३०० किलोकॅलरी, पचणारं लायसिन २.५ टक्क्यांच्या आसपास. तेलाची ऊर्जा ८,८०० किलोकॅलरी. तुमच्या मालाचा तपासणी अहवाल हातात आला की हे आकडे बदला.

तुलनेसाठी भारतीय मानक ब्युरोचं २००७ चं मानक पाहा : प्रीस्टार्टरमध्ये (अगदी लहान पिल्लांचं खाद्य) २३, स्टार्टरमध्ये (त्यानंतरचं) २२ आणि फिनिशरमध्ये (विक्रीपर्यंतचं) २० टक्के प्रोटीन. आजच्या जातींना खरी गरज पचणाऱ्या अमिनो आम्लांची असते, त्यामुळे पिल्लांच्या कंपनीचं पोषण-पत्रक मागून घ्या आणि त्यातला पचणाऱ्या लायसिनचा आकडा पकडा. फिनिशरला तो १ टक्क्याच्या जवळपास असतो. बाकीची अमिनो आम्लं लायसिनच्या प्रमाणात मोजायची. लायसिन १०० धरलं तर मिथिओनिन आणि सिस्टिन मिळून ७५-७६, थ्रिओनिन ६६, व्हॅलिन ७६, आयसोल्युसिन ६७, आर्जिनिन १०५ ते १०७.

तपासा : ‘प्रोटीन दोन टक्के कमी केलं’ याचा अर्थ सगळ्यांना एकच कळतोय ना? २० वरून १८ म्हणजे दोन अंक. या लेखात सगळीकडे अंकच म्हटलं आहे. मिक्सरवरचा माणूस, तुम्ही आणि सल्लागार एकाच भाषेत बोलत नसाल तर इथेच घोळ सुरू होतो.

टप्पा २ : पेंड आणि मका तपासून घ्या

जास्त प्रोटीनच्या खाद्यात माल थोडा खराब असला तरी पक्षी निभावून नेतो, कारण सगळंच थोडं जास्तीचं असतं. कमी प्रोटीनच्या खाद्यात ती ढील राहत नाही. पेंड ४६ टक्क्यांची समजून घेतली आणि निघाली ४३ ची, तर तुम्ही ठरवलेल्या कपातीवर आणखी एक कपात नकळत होते.

पेंडीच्या प्रत्येक लॉटमध्ये या गोष्टी पाहा.

प्रोटीन आणि ओलावा. सोबत युरियाची भेसळ तपासायला सांगा. प्रयोगशाळा नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ नं गुणते आणि प्रोटीन सांगते. युरियातही नायट्रोजन असतो, त्यामुळे भेसळीची पेंड कागदावर उत्तम दिसते.

भाजणी. कच्च्या पेंडीत ट्रिप्सिन इन्हिबिटर शिल्लक असतो आणि तो पक्ष्याच्या स्वतःच्या पाचक रसालाच अडवतो. जास्त भाजलेल्या पेंडीतलं लायसिन साखरेशी बांधलं जातं आणि ते पक्ष्याच्या उपयोगी पडत नाही. भाजणी किती झाली ते सांगणाऱ्या युरिएज चाचणीत पीएचमधला फरक ०.०५ ते ०.२० असावा. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधली प्रोटीनची विद्राव्यता साधारण ७५ ते ८५ टक्के असावी. ७० च्या खाली गेली तर पेंड करपलेली आहे. ती स्वस्तात मिळाली तरी कमी प्रोटीनच्या खाद्यात वापरू नका, जळालेलं लायसिन कुठलंही प्रोटिएझ परत आणत नाही.

युरिएजची झटपट चाचणी फार्मवरही होते. युरिया आणि फिनॉल रेडचं तयार द्रावण बशीत घेऊन त्यावर पेंड पातळ पसरायची आणि पाच मिनिटं थांबायचं. तुरळक लाल ठिपके दिसले तर भाजणी ठीक. अर्ध्याहून जास्त भाग लाल झाला तर पेंड कच्ची. एकही ठिपका उमटला नाही तर जास्त भाजल्याची शंका घ्या आणि विद्राव्यता तपासायला पाठवा.

मक्यात ओलावा आणि बुरशी पाहा. पावसाळ्यानंतर येणारा मका १४ टक्क्यांहून ओला असेल तर बाजूला ठेवा. अफ्लाटॉक्सिननं यकृत बिघडलेल्या पक्ष्यावर एन्झाइमचा प्रयोग करून काही हाती लागत नाही.

टप्पा ३ : तुमच्या मालाला कोणतं एन्झाइम लागू पडतं ते ठरवा

पाकिटावर सात-आठ एन्झाइमांची नावं असली म्हणून ते चांगलं ठरत नाही. प्रत्येकाला पोटात काम करायला पदार्थ लागतो.

फायटेज : वनस्पतीतल्या फॉस्फरसपैकी साधारण दोन-तृतीयांश भाग फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो. फायटेज तो सोडवतं. मका-सोयाच्या प्रत्येक खाद्यात त्याला काम असतं.

प्रोटिएझ : न पचलेल्या प्रोटीनवर काम करतं. माल जितका कमी पचणारा, तितका फायदा जास्त दिसतो.

झायलनेज : गव्हाचा कोंडा, राइस पॉलिश, डीओआरबी (तेल काढलेला भाताचा कोंडा), डीडीजीएस (धान्यापासून मद्यार्क काढल्यावर उरणारा चोथा) वापरत असाल तर उपयोगी. निव्वळ मका-सोयावर परिणाम लहान असतो.

मॅननेज : सोयामध्ये थोडं काम, गवार कोरमा (गवारीच्या बियांची पेंड) वापरत असाल तर चांगलं काम.

आता पाकीट वाचा. त्यावर एन्झाइमचं नाव, एका ग्रॅममधली क्रियाशीलता, टनाचा डोस, किती तापमान सोसतं, आणि बॅच क्रमांकासह मुदत असायला हवी. प्रोटिएझची एककं प्रत्येक कंपनीची वेगळी असतात, म्हणून एकाचे दहा हजार आणि दुसऱ्याचे पन्नास हजार यांची तुलना करून काही कळत नाही. फायटेजचं एफटीयू एकक मात्र बऱ्यापैकी समान आहे.

त्यासोबत मॅट्रिक्स व्हॅल्यूचं पत्रक लेखी मागा. या डोसमधून किती फॉस्फरस, किती कॅल्शियम, किती पचणारं लायसिन जमा धरायचं, हे त्यात असतं. पत्रक न देता नुसतं ‘पेंड कमी करा’ म्हणणाऱ्याचं उत्पादन घेऊ नका.

सावधान : खाद्य पेलेट (वाफ देऊन दाबलेल्या गोळ्या) करून घेत असाल तर वाफेच्या ७५ ते ८५ अंशांत साधं एन्झाइम मरतं. लेप दिलेलं किंवा उष्णता सोसणारं आहे याची खात्री करा. मॅश, म्हणजे नुसत्या भरडलेल्या, खाद्यात हा प्रश्न नाही.

टप्पा ४ : पहिली बॅच फक्त फायटेजची

प्रोटीनला हात लावण्याआधी फायटेज बसवून घ्या. कारण सोपं आहे. फायटेट प्रोटीनलाही धरून ठेवतं, ते आधी फोडलेलं बरं. शिवाय फायटेजचा हिशेब पक्का आहे आणि इथे मिसळण्याची शिस्तही अंगवळणी पडते.

हिशेब असा. पाकीट ग्रॅमला ५,००० एफटीयूचं असेल तर टनाला १०० ग्रॅम म्हणजे किलोला ५०० एफटीयू. ग्रॅमला २,५०० असेल तर २०० ग्रॅम. या डोसला पत्रकात साधारण ०.१२ ते ०.१५ टक्के उपलब्ध फॉस्फरस लिहिलेला असतो. सुरुवातीला ०.१० च धरा. डीसीपीमध्ये (डायकॅल्शियम फॉस्फेट) फॉस्फरस १८ टक्के, म्हणून टनामागे साडेपाच किलो डीसीपी कमी होतो.

इथली सर्वांत मोठी चूक कॅल्शियमची. डीसीपी साडेपाच किलो कमी झाला म्हणून त्या जागी साडेपाच किलो एलएसपी (चुनखडीची पूड) टाकला जातो. प्रत्यक्षात त्या डीसीपीतून जे सव्वा किलो कॅल्शियम येत होतं, त्यातलं किलोभर फायटेज मोकळं करतं. भरून काढायचं राहतं पाव किलोच्या आसपास, म्हणजे एलएसपी जेमतेम पाऊण किलो. जास्तीचं कॅल्शियम पोटात फायटेटशी घट्ट बांधलं जातं आणि मग फायटेजला ते फोडता येत नाही. पैसे देऊन आणलेलं एन्झाइम चुनखडीनं बांधून ठेवल्यासारखं होतं. पिठासारखा बारीक एलएसपी यात अधिक त्रास देतो.

तपासा : दहा ते पंधरा दिवसांच्या पिल्लांमध्ये चोच दाबल्यावर वाकते का, पक्षी घोट्यावर बसतात का, छातीचं हाड वाकडं लागतं का. यातलं काही दिसलं तर फॉस्फरस कमी पडतोय. डीसीपी लगेच पूर्वीच्या पातळीवर आणा आणि मिसळण्यात काय चुकलं ते शोधा.

टप्पा ५ : पेंड कमी करा, अमिनो आम्लं भरा

पहिल्या दहा दिवसांच्या प्रीस्टार्टरला हात लावायचा नाही. पिल्लू त्या वयात फारच थोडं खातं, तिथे वाचणारे पैसे नगण्य आणि बिघडलेलं पुढे भरून येत नाही. स्टार्टरमध्ये एका अंकाहून जास्त नको. खरी बचत फिनिशरमध्ये आहे, कारण एकूण खाद्याचा मोठा भाग तिथेच जातो. तिथे दीड अंकापर्यंत जाता येतं, अनुभव आल्यावर दोन.

फिनिशरचं उदाहरण घेऊ. टनामागे ४० किलो पेंड काढून ४० किलो मका घातला. ४० ला पेंड आणि मक्यातल्या प्रोटीनच्या फरकानं गुणलं की १५ किलो प्रोटीन कमी, म्हणजे दीड अंक. सोबत कमी झालेली पचणारी अमिनो आम्लं आणि त्यांची भरपाई टनामागे अशी येते :

लायसिन सुमारे ९२० ग्रॅम कमी. लायसिन हायड्रोक्लोराइडमध्ये लायसिन ७८ टक्के असतं, म्हणून १.२ किलो.

मिथिओनिन-सिस्टिन सुमारे ३२० ग्रॅम कमी. डीएल-मिथिओनिन ३२० ग्रॅम.

थ्रिओनिन सुमारे ५२० ग्रॅम कमी. एल-थ्रिओनिन ५२० ग्रॅम.

हे आकडे आजच्या फॉर्म्युल्यात आधीच असलेल्या लायसिन-मिथिओनिनच्या वर घालायचे आहेत, त्यांच्या जागी नव्हेत. ही चूक मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की वेगळं सांगणं भाग आहे.

आता न भरलेल्यांकडे पाहा. याच बदलात व्हॅलिन सुमारे ६२० ग्रॅम, आयसोल्युसिन ६५० ग्रॅम आणि आर्जिनिन तब्बल १.१ किलो कमी होतं. २९० किलो पेंडीच्या फिनिशरमधून ४० किलो काढल्यावर ही तिन्ही गरजेच्या काठावर येतात, किंचित खालीही जातात. म्हणून पहिल्या खेपेला ४० नको, २० किलोच काढा. वरचे सगळे आकडे निम्मे होतील आणि प्रोटीन पाऊण अंकानं खाली येईल. ते निभलं की पुढच्या बॅचला ४०. त्याच्या पुढे जायचं असेल तर व्हॅलिन, आर्जिनिन, आयसोल्युसिन विकत घ्यावं लागतं. पेंडीची बचत मग बहुतेक वेळा त्यांच्याच किमतीत जाते. तीन अंकांच्या पलीकडे तर ग्लायसिनही कमी पडू लागतं. सर्वसाधारण शेतकऱ्यानं तिथे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सावधान : मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात पक्षी खाणंच कमी करतो. टक्केवारी तीच ठेवली तरी पोटात जाणारं लायसिन घटतं. उन्हाळ्यात प्रोटीन कमी करायला हरकत नाही, पण लायसिन, मिथिओनिन, थ्रिओनिन यांची टक्केवारी कमी होऊ देऊ नका, थोडी वरच ठेवा.

टप्पा ६ : तेल, मीठ आणि सोडा जुळवा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. प्रयोग फसण्याचं निम्मं कारण इथेच असतं.

आधी तेल. ४० किलो पेंडीच्या जागी मका आल्यानं खाद्याची ऊर्जा किलोला सुमारे ४० किलोकॅलरीनं वाढते. ती तशीच ठेवली तर प्रोटीन कमी आणि ऊर्जा जास्त असं खाद्य तयार होतं. पक्षी लवकर तृप्त होतो, कमी खातो आणि पोटात चरबी साठवतो. टनामागे साडेचार किलो तेल कमी करा. खाद्यखर्चात ही बचतही मोजण्यासारखी आहे.

मग मीठ. पेंडीत पोटॅशियम भरपूर असतं, मक्यात थोडंच. पेंड कमी झाली की पोटॅशियम घटतं, आणि लायसिन हायड्रोक्लोराइडमधून क्लोराइड वाढतं. सोडियम आणि पोटॅशियमच्या बेरजेतून क्लोराइड वजा करून जो इलेक्ट्रोलाइट समतोल मिळतो, तो आपल्या उदाहरणात किलोमागे सुमारे २५ मिलीइक्विव्हॅलंटनं खाली येतो. तो २०० ते २५० च्या दरम्यान राहायला हवा. उपाय स्वस्त आहे. टनामागे दीड किलो मीठ कमी करा आणि दोन ते सव्वादोन किलो खाण्याचा सोडा घाला. सोडियम तेवढंच राहतं, क्लोराइड उतरतं आणि समतोल जागेवर येतो. २० किलोच पेंड काढली असेल तर हेही निम्मं.

सावधान : मीठ न घटवता वर सोडा घातला तर सोडियम वाढतं, पक्षी पाणी जास्त पितो आणि शेडमधली गादी (जमिनीवरचा भुशाचा थर) ओली होते.

सगळे बदल मांडून झाले की टनाची बेरीज करा. डीसीपी, तेल, मीठ कमी आणि अमिनो आम्लं, सोडा, एलएसपी जास्त, असं धरून सहा-सात किलो कमी भरतात. ते मक्यानं पूर्ण करा आणि ऊर्जा पुन्हा एकदा मोजा. तेल आणखी दोनेक किलोनं उतरवता येईल.

टप्पा ७ : आता प्रोटिएझ, आणि त्याचं श्रेय अर्धंच

इथवर आल्यावर प्रोटिएझची खरी जागा दिसते. लायसिन, मिथिओनिन, थ्रिओनिन आपण विकत आणून भरलं. व्हॅलिन, आर्जिनिन, आयसोल्युसिन काठावर राहिली. प्रोटिएझ प्रोटीन फोडून सगळीच अमिनो आम्लं थोडी थोडी मोकळी करतं, त्यात ही तिन्हीही येतात. माझ्या मते चाळीस किलोच्या कपातीत प्रोटिएझ घेण्याचं सर्वांत भक्कम कारण हेच.

श्रेय कसं धरायचं? समजा पत्रकात पचणाऱ्या लायसिनसाठी ०.०४ टक्के लिहिलं आहे. म्हणजे टनामागे ४०० ग्रॅम. पहिल्या बॅचला त्यातलं काहीच धरू नका, प्रोटिएझ वरून घाला. निकाल चांगला आला तर पुढच्या बॅचला अर्धं, म्हणजे २०० ग्रॅम धरा आणि लायसिन हायड्रोक्लोराइड सुमारे २५० ग्रॅमनं कमी करा. पूर्ण श्रेय कंपनीच्या चाचणीतल्या शेडमध्ये मिळतं. तिथला माल, हवा आणि गादी आपल्याकडे नसते.

दुहेरी मोजणी टाळा. फायटेजच्या पत्रकातही अमिनो आम्लं आणि ऊर्जा लिहिलेली असते, प्रोटिएझच्याही, झायलनेजच्याही. तिन्हींची बेरीज करून फॉर्म्युला कापला तर कागदावर खाद्य पुरेसं दिसतं आणि शेडमध्ये पक्षी उपाशी राहतो. पचायचं राहिलेलं प्रोटीन एकच असतं, ते तीन एन्झाइमं तीनदा पचवू शकत नाहीत. साधा नियम ठेवा : फायटेजकडून फक्त फॉस्फरस-कॅल्शियम, प्रोटिएझकडून फक्त अमिनो आम्लं, झायलनेजकडून फक्त ऊर्जा.

पाण्यातून देण्याच्या एन्झाइमचा भरवसा धरून खाद्यातलं प्रोटीन कमी करू नका. पक्ष्याचं पाणी तापमानाप्रमाणे दुप्पट-निम्मं होतं, डोस कधीच स्थिर राहत नाही.

टप्पा ८ : मिसळणी

शंभर ग्रॅम म्हणजे मूठभर पावडर. ती हजार किलोत सारखी पसरायची आहे. मिक्सरच्या तोंडाशी पाकीट उपडं केलं तर निम्म्या पोत्यांत दुप्पट आणि निम्म्यांत काहीच नाही, अशी गत होते.

कृती अशी करा.

१. फायटेज आणि प्रोटिएझ दहा ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणाऱ्या काट्यावर तोला. त्याहून बारीक काटा असेल तर अधिक चांगलं. चमच्याचं माप नको.

२. एका स्वच्छ घमेल्यात बारीक दळलेला कोरडा मका किलोभर घ्या. त्यात पावडर टाकून हातानं खालीवर करा. रंग एकसारखा दिसेपर्यंत थांबू नका, एन्झाइमचा रंग मक्यात दिसतच नाही. दोन-तीन मिनिटं घड्याळ लावून मिसळा.

३. हा किलो दहा किलो भरड्यात मिसळा, आणि ते दहा किलो चाळीस-पन्नास किलोत.

४. लायसिन, मिथिओनिन, थ्रिओनिन यांचं मिश्रण वेगळ्या घमेल्यात याच पद्धतीनं करा.

५. मिक्सर चालू करून आधी मका, मग पेंड. निम्मा माल आत गेला की अमिनो आम्लांचं मिश्रण, खनिजं, डीसीपी, मीठ, सोडा. शेवटी एन्झाइमचं मिश्रण आणि उरलेला मका.

६. कोरडा माल तीन-चार मिनिटं फिरू द्या. मगच तेल, बारीक धारेनं. तेल आधी गेलं तर गोळे होतात आणि पावडर त्यांना चिकटून बसते.

एन्झाइमच्या घमेल्यात कोलीन क्लोराइड, मोरचूद, खनिज मिश्रण किंवा अॅसिडिफायर एकत्र करून ठेवू नका. कोलीन हवेतला ओलावा ओढतं आणि एन्झाइम काही दिवसांत निकामी होतं. सगळं एकदम मिसळून पोतं भरून ठेवण्याची सवय इथे महागात पडते. पाकीट थंड, कोरड्या, सावलीच्या जागी ठेवा. पत्र्याच्या गोदामात उन्हाळ्यात ठेवलेल्या एन्झाइमवर विश्वास नको.

सावधान : एन्झाइमची धूळ श्वासातून गेली तर ॲलर्जी आणि दमा होऊ शकतो, आणि एकदा ती लागली की पुढे थोड्या धुळीनंही त्रास होतो. मिसळणाऱ्या माणसाला चांगला मास्क, चष्मा आणि हातमोजे द्या. मजुराच्या तोंडाला उपरणं बांधून हे काम करून घेऊ नका.

तपासा : मिक्सर खरंच मिसळतो का, हे मिठावरून कळतं. एकाच घाण्यातून, सुरुवातीच्या पोत्यापासून शेवटच्यापर्यंत दहा नमुने घ्या आणि प्रयोगशाळेत क्लोराइड काढून घ्या. नमुन्यांमधला फरक दर्शवणारा चलन गुणांक १० टक्क्यांच्या आत हवा. जास्त असेल तर आधी मिक्सरची पाती आणि वेळ दुरुस्त करा. तोवर पेंड कमी करू नका.

टप्पा ९ : शेडमध्ये तुलना

सगळ्या शेडमध्ये एकदम बदल केला तर वजन वाढलं-घटलं ते कशामुळे, हे कधीच कळत नाही. एका शेडला जुनं खाद्य, दुसऱ्याला नवं. शेड एकच असेल तर जाळी लावून भाग करा. पिल्लं एकाच हॅचची, चौरस फुटाला संख्या सारखी, फीडर सारखे, आणि नवं खाद्य तीन दिवसांत हळूहळू बदललेलं.

दर सात दिवसांनी दोन्हीकडचे निदान पन्नास पक्षी तोला, ते कोपऱ्यांतून आणि मधून असे सगळीकडचे पकडा. समोर आलेले पकडले तर नेहमी मोठेच हाती लागतात. खाद्याची नोंद पोत्यावर ठेवू नका, किलोवर ठेवा. मरतुकीचं वजनही लिहा, नाहीतर एफसीआर खोटा निघतो.

डोळ्यांनी काय पाहायचं : पंख विरळ किंवा वाकडे असतील, पक्षी एकमेकांचे पंख टोचत असतील तर अमिनो आम्लं कमी आहेत. आधी मिथिओनिन आणि व्हॅलिनकडे बघा. खाणं कमी आणि पोटात चरबी जास्त असेल तर ऊर्जा उतरवायची राहिली आहे. गादी ओली असेल तर मीठ-सोड्याचा हिशेब तपासा.

चांगली खूण गादीवर दिसते. प्रोटीन एका अंकानं उतरलं की विष्ठेतला नायट्रोजन साधारण दहा टक्क्यांनी घटतो, त्यामुळे सकाळी पडदे उघडताना डोळ्यांना झोंबणारा अमोनिया कमी होतो आणि तळपायाचे चट्टेही कमी दिसतात. पावसाळ्यात पडदे बंद ठेवावे लागतात तेव्हा हा फायदा ठळक जाणवतो.

एकविसाव्या दिवशी नव्या खाद्यावरचे पक्षी जुन्यांच्या मागे पडले असतील तर वाट पाहू नका. टनामागे लायसिन हायड्रोक्लोराइड अर्धा किलो आणि थ्रिओनिन पाव किलो वाढवा, आणि तीन-चार दिवसांत फरक दिसला नाही तर जुन्या फॉर्म्युल्यावर परत जा.

टप्पा १० : पैसे मोजताना

खाद्याच्या किलोचा भाव काढून थांबू नका. खाद्य किलोमागे स्वस्त झालं आणि एफसीआर बिघडला तर तोटाच. जिवंत पक्ष्याच्या एका किलोला खाद्याचा खर्च किती आला, तो दोन्ही शेडचा समोरासमोर मांडा.

कमी झालेल्या बाजूला लिहा : पेंड, तेल, डीसीपी. वाढलेल्या बाजूला : मका, लायसिन, मिथिओनिन, थ्रिओनिन, सोडा, फायटेज, प्रोटिएझ, आणि तपासणीचा खर्च. पेंड आणि मका यांच्या भावातला फरक मोठा असतो तेव्हा हा खेळ परवडतो. नवं सोयाबीन बाजारात आलं, पेंड उतरली आणि मका चढा राहिला की तोच फॉर्म्युला महाग पडू शकतो. म्हणून भाव बदलले की दर महिन्याला हे पत्रक नव्यानं मांडा आणि पेंड २० किलो कमी करायची की ४०, ते त्या आकड्यांवर ठरवा. फायटेज मात्र दोन्ही वेळा ठेवा, डीसीपीच्या भावात त्याची किंमत बहुतेक वेळा निघून येते.

फॉर्म्युला पहिल्यांदा बदलत असाल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या पशुपोषण विभागात तो दाखवून घ्या. जाताना जुना फॉर्म्युला, नवा फॉर्म्युला, पेंडीचा तपासणी अहवाल आणि एन्झाइमचं मॅट्रिक्स पत्रक असे चारही कागद सोबत ठेवा.